तरोट्याचं बी

देवरीच्या बाजारात, बैलांच्या दावणीमागे,
झुंबरसेठचा काटा मी सांभाळतो.
दिवाळी सरली की मोह नाही, तेंदू नाही,
हिरडा अजून झाडावर कच्चा,
तेव्हा तरोटा येतो.
पोत्यात, पदरात, पोराच्या फाटक्या दप्तरात,
एकानं तर हेल्मेट उलटं करून आणला होता.

तरोटा म्हणजे काय, हे इथे कोणी विचारत नाही.
धुऱ्यावर, शाळेच्या कुडाशी, नाल्याच्या काठी
आपसूक उगवतो.
गाय त्याला तोंड लावत नाही,
तलाठी त्याची नोंद घेत नाही.
आषाढात कोवळा असला तर लसूण घालून भाजी,
मग पिवळं फूल, मग इळ्यासारखी बारीक शेंग,
मग काठीनं बडवा, सुपानं पाखडा,
आणि हातात उरतं
कोनाकोनानं घासल्यासारखं तपकिरी बी,
एवढंसं, चकचकीत.

मुरपारटोल्याची जैतूरबाई पेंदाम.
उजव्या डोळ्यात साय धरलेली,
डाव्यात धरू लागलेली.
"कोन खाते गा एवढा तरोटा?"

मी म्हटलं, चीनमधी जाते.
भाजतात, पाण्यात उकळतात, पितात.
डोळ्याला चांगला, म्हणे.

"डोऱ्याले?"
तिनं पारड्यातून एक पायली परत उपसली,
ओच्यात बांधली.
"एवढा राहू दे."

त्या रात्री मी मोबाईलवर शोधलं.
तिकडच्या वैद्याचं दुकान निघालं,
भिंतभर लाकडी खण, खणाखणाला पितळी कडी,
आणि आत आमचंच निंदण:
नागरमोथा, बांधीतून उपटताना
माझ्या मायच्या बोटांची सालटी काढणारा,
गोखरू, शाळेच्या वाटेवर टाचेत मुक्काम करणारा,
घोळ, पाहुणा आला तर ताटात न वाढायची.
आम्ही धुऱ्यावर भिरकावतो ते
तिथे एक म्हातारा चिमटीनं मोजत होता,
सोनाराच्या असतो तसल्या काट्यावर,
श्वास रोखून.

तरोट्याच्या खणावर तीन अक्षरं.
खाली अर्थ दिला होता: दृष्टी उजळणारं बी.
मला हसू आलं. मग नाही आलं.
दिवेलागणीला तरोटा जोडीजोडीनं पानं मिटतो,
हे त्या म्हाताऱ्याला ठाऊक असेल का?

पुढच्या बाजारी ती आली.
"कडू हाय. जळक्या भाकरीवानी. आठ रोज पेलो."
"मग?"
"मग काय! तुह्यं थोबाड अजून ढगावानीच.
पोट मात्र साफ झालं."

डोळ्यांच्या शिबिराची तारीख
मी तिच्या तळहातावर पेनानं लिहिली.
तिला वाचता येत नाही, सुनेला येतं.

मग तिनं पोतं ओतलं.
मी काटा उचलला आणि सवयीनं
अंगठा पारड्याच्या दोरीला टेकला.
सेठ त्याचे वेगळे पैसे देत नाही,
फक्त कामावर ठेवतो.
ती माझ्याकडे पाहतच नव्हती. मान तिरपी करून
बी पडल्याचा आवाज ऐकत होती.
"अर्धी पायली खाल्ली तुवा," म्हणाली,
रागानं नाही,
भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

मी अंगठा काढला.
तिच्यापुरता काढला.
तिच्यामागे सतरा बाया उभ्या होत्या.

संध्याकाळी ट्रक नागपूरकडे निघाला.
मागच्या थप्पीतल्या एका पोत्याची शिवण उसवली होती,
मला दिसली होती.
मी बोललो नाही.

चीनपर्यंत काय पोचलं, मला माहीत नाही.
साकोलीपर्यंत मात्र
हायवेच्या कडेनं यंदा
कमरेइतका तरोटा आहे,
आणि ट्रकांचे दिवे लागू लागले की
सगळाच्या सगळा
डोळे मिटून घेतो.